उन्हात दिसणाऱ्या ज्वाळा

३ नोव्हेंबर, पालम

दुपारी राणीसावरगावचा बिरदेव गाडी घेऊन दुकानासमोर उभा राहिला. धनगराचा पोरगा, तिशीचा असेल. गाडी म्हणजे जुनी पिकअप, पण मागे त्याने स्वतःच्या डोक्याने दोन मजली लोखंडी पिंजरा बसवून घेतलाय. खाली लंगड्या-दुखऱ्या मेंढ्या, वर कोकरं, आणि कडेला भांडीकुंडी अडकवायला कड्या. कळप चरायला लांब गेला की हीच गाडी त्यांचं घर. अशी गाडी मी पहिल्यांदाच बघितली आणि मनापासून आवडली.

त्याला ती रंगवून पाहिजे, पण साधी नाही. फोनवर एक गाडी दाखवली. सावलीत नुसती काळी, उन्हात आली की बॉनेटपासून दारांपर्यंत निळसर ज्वाळा उठतात, ढग आला की पुन्हा गुडूप. भुताच्या ज्वाळा म्हणतात म्हणे. "काका, सावलीत घोंगड्यावानी काळी दिसावी आन उनात पेटावी," असं त्याचं म्हणणं. माळेगावच्या जत्रेला न्यायची, म्हणजे दीड महिना हातात. फोन लहान आणि वरून ऊन, त्यामुळे मला त्यात ज्वाळा काही नीट दिसल्या नाहीत. तरी मान हलवली.

खरं लिहायचं तर हे काम मला येत नाही. चाळीस वर्षं कपाटं रंगवली, ट्रॉल्या रंगवल्या, ट्रॉल्यांच्या फाळक्यांवर वाघ, मोर, ज्वाळा काढल्या, सगळं स्वतःच शिकलो. पण या ज्वाळांना लागते ती पर्लची चमकी पावडर कधी हातात धरली नाही. म्हातारपणी बालवाडीत नाव घातल्यासारखं झालंय. नाही म्हणायला जीभ रेटली नाही, कारण कपाटं आता रंगूनच येतात आणि ट्रॉल्याही. संक्रांतीनंतर कंप्रेसर विकून दुकान बंद करायचं असं मी आणि पार्वतीने ठरवून ठेवलंय. मग सून राजेश्री मानवतला जाईल. तिचा भाऊ पंडित तिथे जिनिंगमध्ये मुकादम आहे, तो सारखा बोलावतो.

पोरगा रामहरी गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून सून माझ्याबरोबर दुकानात येते, घासायचा पेपर मारते, पुट्टी भरते. ती गेली की घरात आम्ही दोन म्हाताऱ्या चिमण्या. जत्रेत बिरदेवची गाडी लोकांच्या नजरेत भरली तर कामं येतील आणि दुकान राहील. नाही भरली तर ठरलेलंच आहे.

७ नोव्हेंबर

चार दिवस नुसतं घासणं. जुना रंग काढला, पोचे ठोकले, पुट्टी भरली. राजेश्रीचा हात पुट्टीवर चांगला बसलाय. मी तळहात फिरवून चढउतार शोधतो, ती एका डोळ्याने पत्र्याच्या कडेने बघून शोधते. तिला माझ्यापेक्षा लवकर सापडतं. तरुण डोळे.

पावडरच्या पुडीवर प्रमाण छापलंय ते मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. आजकाल छपाई फार बारीक करतात. तिच्याकडून वाचून घेतलं.

१२ नोव्हेंबर

आज हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

काळा रंग परवा मारला होता. झकास बसला होता. आज त्यावर क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक थराचा, पहिला हात द्यायचा, मग वर ज्वाळा. क्लिअर मारण्याआधी पत्र्यावर धुळीचा कण राहता कामा नये, आणि सध्या रस्त्याने कापसाच्या गाड्या मानवतकडे चालल्यात, त्यांचे तंतू सगळीकडे उडतात. मी फडका शोधत होतो. बिरदेवने गाडीच्या खणात जावळ ठेवलं होतं, म्हणजे कोकराची पहिली लोकर. मऊ तर अशी की हातात धरली तर आहे का नाही कळू नये. म्हटलं, याच्याहून चांगला फडका कुठला. त्या लोकरीने मी सगळं बॉनेट आणि दोन्ही दारं कौतुकाने पुसून काढली. मग फवाऱ्याची गन चालवली.

क्लिअर पडला आणि बघता बघता फाटला. देवीच्या व्रणासारखे खळगे. जिथे पडेल तिथून रंग मागे सरकायला लागला, जसं काही खाली कुणी ढकलतंय. मी अजून मारला, तर अजून सरकला. थिनरला शिव्या दिल्या, हार्डनरला दिल्या, कंप्रेसरच्या टाकीत पाणी झालं असेल म्हणून ती उघडली. ती कोरडी ठणठणीत.

घरी आल्यावर पार्वतीला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." चाळीस वर्षांत तिने माझं एवढंच शिक्षण केलंय.

१३ नोव्हेंबर

राजेश्रीने शोधून काढलं. सकाळी तिने उरलेलं जावळ हातात घेतलं आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब तसाच्या तसा घरंगळून खाली गेला. मग मला बोटं चोळून दाखवली, तुपकट. आणि जावळ बाहेर नेऊन ठेवलं.

बिरदेवला फोन लावला. त्याची आई भागुबाई जवळच होती, तिने फोन ओढून घेतला. ती म्हणाली मेंढराच्या अंगाला तेल असतंय, म्हणून तर घोंगडं पावसात भिजत नाही, आणि एवढं पालममधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असेल. मी म्हटलं, बाई, ठाऊक मलाही होतं, पण घोंगडं मी अंगावर घेतो तेव्हा त्यावर रंग मारत नाही. ती खूप हसली. गाडी बिघडवली म्हणून एक अक्षर नाही.

सगळं थिनरने पुसून पुन्हा घासायला घेतलं. पाच दिवस पाण्यात गेले.

२० नोव्हेंबर

पुन्हा काळा, पुन्हा क्लिअर. यावेळी सुती धोतराच्या चिंध्या धुऊन वाळवून घेतल्या. खळगा एकही नाही.

ज्वाळा थेट गाडीवर नको, आधी सराव करू असं राजेश्रीचं मत पडलं. कोपऱ्यात भंगार कपाटाचं दार होतं, ते काळं करून ठेवलं. पद्धत फोनवर बघून तिने मला समजावली. आधी बारीक टेपने ज्वाळेची कड आखायची. मग बाहेरचा भाग कागदाने झाकायचा. आतल्या जागेवर क्लिअरमध्ये चिमूटभर पर्ल कालवून पातळ हात मारायचा. टेप काढला की वरून क्लिअर, घासून पुन्हा क्लिअर, म्हणजे कड बोटाला लागत नाही. कला सगळी कमी मारण्यात आहे. जास्त झालं की भूत जातं आणि नुसता रंग उरतो.

मी एक हात मारला. काही दिसेना. दोन मारले, काही दिसेना. पावडरमध्ये भेसळ असणार. तीन, चार, पाच करत सातव्या हाताला मला जरा पांढुरकं वाटायला लागलं. दार उन्हात नेलं तर राजेश्री तोंडावर पदर धरून म्हणाली, "मामा, ही भुतं न्हाई राहिली, वऱ्हाड झालंय."

मला वाटलं थट्टा करतेय. म्हटलं, मला तर आत्ता कुठे दिसायला लागलंय. ती हसायची थांबली आणि तिने माझ्याकडे बघितलं. मग दार भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

दुकानातला बल्ब बदलायला पाहिजे. उजेड फार पिवळा पडतो.

२१ नोव्हेंबर

बल्ब बदलला. फरक नाही. बल्बही आता पहिल्यासारखे करत नाहीत.

संध्याकाळी चौकातून येताना दिव्यांभोवती कडं दिसत होतं, यंदा धुकं लवकर पडायला लागलंय. पार्वती म्हणाली कुठलं धुकं. तिला थंडी वाजत नाही म्हणून धुकंही दिसत नसेल. बाजारातून नवा चष्मा घेतला, टोपलीतले चार लावून बघितले, त्यातल्या त्यात बरा होता तो आणला.

२५ नोव्हेंबर

आज गाडीवर टेप आखला. बॉनेटवर सात, दोन्ही दारांवर चार-चार. ट्रॉल्यांवर काढायचो तशाच ज्वाळा, एकीसारखी दुसरी, ओळीत. हाताला सवय आहे, डोळे मिटूनही काढेन.

दुपारी भागुबाई आली. साठीची असेल, कपाळावर भंडारा, बोलणं तिखट. ज्वारीची भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता, तो आधी आम्हाला खायला लावला आणि मग गाडीभोवती फिरली. टेपकडे बघून म्हणाली, "आश्रुबा, ह्या ज्वाळा हायत का शाळंतली पोरं? समदी रांगंत उभी केलीस."

मी म्हटलं, टेप निघाल्यावर बघ. ती म्हणाली तिने आख्खा जन्म खंडोबाची दिवटी हातात धरलीय, ज्योत रांगेत राहत नाही. माणूस चालायला लागला की ती मागे लोळते, तुटते, पुन्हा धरते. मी म्हटलं दिवटी वेगळी, गाडी वेगळी. म्हातारं माणूस बोलतंच, मनावर घेतलं नाही. राजेश्रीने मात्र तिला चहाला नेलं आणि दोघी तासभर हॉटेलच्या बाकावर बसून होत्या. बाईला बाई मिळाली की दिवस सरतो.

२८ नोव्हेंबर

पर्ल मारला. राजेश्रीने आधीच कबूल करून घेतलं होतं की दोनच हात. मी कबूल झालो होतो.

दोन हात झाले, मला काळ्यावर काळंच. तिसरा मारला. कडेला गेलो, वाकून बघितलं, काही नाही. चौथ्याला गन उचलली तर फुस्स झाली. राजेश्री कंप्रेसरपाशी उभी होती, म्हणाली हवा संपली. टाकी तर आत्ताच भरली होती. जुनं यंत्र आहे, माझ्यासारखंच बेभरवशाचं.

दारांना पाच हात तरी झाले असतील, तिने कंप्रेसर पुन्हा चालू केल्यावर. मग पुन्हा हवा संपली. शेवटी मी गन ठेवली. जत्रा वीस दिवसांवर आली आणि मला अजून कळत नाही की ज्वाळा आहेत का नाहीत. राजेश्रीला विचारलं, दिसतात का? ती म्हणाली दिसतात मामा. पण आवाज असा की नवरदेव काळा असल्यावर पोरीकडचे म्हणतात, स्वभावाने चांगला आहे.

काम हातचं जाणार असं वाटतंय. आज पंडितचाही फोन येऊन गेला. तो म्हणाला जानेवारीत कामाची जागा आहे, नंतर भरेल. राजेश्रीने जत्रा होऊ द्या एवढंच सांगितलं.

२९ नोव्हेंबर

मानवतच्या बहिणीच्या नातवाचं बारसं आहे. पार्वतीने मला जाच म्हणून हट्ट धरला, आणि वर पाच दिवस राहून या म्हणाली. एरवी मी एक रात्र बाहेर राहिलो तर शेजारणीकडे तक्रार करते. गाडी अर्धवट टाकून कसं जाऊ म्हटलं, तर राजेश्री म्हणाली टेप काढून क्लिअरचा एक हात मी देते, सुकायला तसंही चार दिवस लागतील, थंडी आहे.

तिचं म्हणणं बरोबर आहे. उद्या सकाळच्या एसटीने जातो.

५ डिसेंबर

आलो. बारसं चांगलं झालं, पोरगं गुटगुटीत आहे, नाव काहीतरी आजकालचं ठेवलंय, दोनदा विचारलं तरी लक्षात राहिलं नाही.

एसटीतून उतरलो तो थेट दुकानात. टेप, कागद सगळं निघालेलं, वर क्लिअर दिलेला. हात फिरवला तर काचेसारखी. एकही कड बोटाला लागत नाही. रंगाला कधीकधी एकटं सोडावं लागतं, माणूस सारखा जवळ घोटाळला की तो बिचकतो. मी नसताना शांतपणे बसला.

काळ्या रंगाचा डबा मात्र अर्धा झालाय. मी गेलो तेव्हा जवळजवळ भरलेला होता. झाकण सैल राहिलं असेल, उडून गेला. बारीक टेपची नवी गुंडाळीही संपलीय, ती कुठे गेली देव जाणे. भागुबाई मध्ये दोन दिवस मुक्कामाला येऊन गेली असं पार्वतीने सांगितलं. मी म्हटलं कशाला, तर म्हणे सहज, बाजाराला.

राजेश्रीच्या बोटांची टोकं सोलल्यासारखी लाल झालीत. जेवताना ठेच्याला हात लावेना. मी विचारलं तर म्हणाली थंडीनं. पार्वतीने खोबरेल लावून दिलं. पोर फार हलकी झालीय या पाच दिवसांत, डोळे आत गेलेत. मानवतला जायच्या विचाराने असेल. मी तिला म्हटलं, बाई, जे व्हायचं ते होईल, तू जीव नको काढूस. ती म्हणाली, "व्हईल मामा. चांगलंच व्हईल."

१० डिसेंबर

क्लिअर घासून पुन्हा दोन हात. आज गन तिच्याच हातात दिली, माझा खांदा धरलाय. ती चालते कशी, पत्र्याशी अंतर एक वीत, हात कोपरातून नाही तर खांद्यातून. मी शिकवलं तसंच. काही ठिकाणी मी शिकवलं त्याहून बरं, तिथे मी बोललो नाही.

१४ डिसेंबर

गाडी दिली.

सकाळी अकराला बिरदेव, भागुबाई आणि त्यांचे चार-पाच भाऊबंद आले. आजूबाजूचे दुकानदारही जमले. पार्वतीसुद्धा घर सोडून आली, ती कधी दुकानात येत नाही. बिरदेवने गाडी चालू केली आणि शेडमधून हळूहळू उन्हात काढली.

 मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, पेटली. मग एकच गलका झाला. बिरदेव खाली उतरून माझ्या पाया पडला. लोक वाकून, बाजूला सरून, पुन्हा पुढे येऊन बघत होते. पार्वतीने तोंडाला पदर लावला होता आणि ती गाडीकडे नाही, राजेश्रीकडे बघत होती. राजेश्री शेडच्या खांबाला टेकून उभी होती, पुढे आलीच नाही. मी बोलावलं तरी आली नाही.

भागुबाईने गाडीवर भंडारा उधळला आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आवाज लहान करून म्हणाली, "बॉनेटवर किती हायत रे, आश्रुबा?"

मी म्हटलं, मोजत कोण बसतं.

"आमी तर मेंढरं रोज मोजताव," ती म्हणाली. "मलाबी असंच झालतं. मेंढरू दिसायचं, पर त्याचा कान दिसायचा न्हाई. परभणीला जाऊन डोळा करून आले. लय उशीर करू नगंस."

मी तिला म्हटलं माझे डोळे ठीक आहेत, नवाच चष्मा घेतलाय.  लोकांना खोटं सांगितलं, पण वहीला सांगायचं नाही असं कधी केलेलं नाही. तेव्हा लिहितो. आज शंभर लोकांनी ज्या ज्वाळा बघितल्या त्यातली एकही मला दिसली नाही. गाडी दिसली, पिंजरा दिसला, उन्हात काळा रंग चकाकला तो दिसला. लोक टाळ्या वाजवत होते म्हणून मीही हसत होतो.

२० डिसेंबर

बिरदेवचा जत्रेतून फोन. घोड्यांच्या बाजारापेक्षा त्याच्या गाडीभोवती गर्दी जास्त, असं तो म्हणतो. त्यातलं निम्मं खरं धरलं तरी पुष्कळ झालं. दोन गाड्या नक्की झाल्या, लोह्याकडची एक आणि गंगाखेडची एक. तिसऱ्याने जानेवारीत येतो म्हणून सांगितलंय.

पंडितला राजेश्रीने स्वतः फोन केला. मी ओट्यावर होतो, ऐकू येत होतं. तिने त्याला सांगितलं की दादा, जागा दुसऱ्याला दे, मला इथे काम आहे. आवाज चढवला नाही, रडली नाही. फोन ठेवून चुलीपाशी जाऊन बसली, आणि पार्वतीने तिला न विचारता चहा दिला.

हॉटेलात लोक आश्रुबाचा हात, आश्रुबाचा हात म्हणायलेत. मान डोलवून घेतो. पण न बघितलेल्या कामाचं कौतुक घशाखाली उतरत नाही, पिठलं घशात अडकावं तसं होतं. आज पार्वतीला सांगून टाकलं की मला दिसत नाही. ती म्हणाली, "अवो, आमाला म्हैन्यापासून ठाव हाय." मग परभणीच्या दवाखान्याची चिठ्ठी डब्यातून काढली. नंबर आधीच लावून ठेवला होता. मला काय, घरात सगळं माझ्या मागेच ठरतं.

६ जानेवारी

परभणीला जाऊन आलो. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, उजवा पिकलेला. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं काम काय करता. रंगारी म्हटल्यावर त्यांनी मान वर केली आणि विचारलं, निळा रंग ओळखू येतो का? मी म्हटलं, बाई, तोच तर प्रश्न आहे.

उजवा डोळा गुरुवारी. भीती वाटते. पार्वतीला तसं सांगितलं नाही, पण तिने आपणहून माझी पिशवी भरून ठेवली, त्यात अंगारा घातला.

१८ जानेवारी

बरेच दिवस लिहिलं नाही, वाकायला मनाई होती. आता उजव्या डोळ्याने लिहितोय. अक्षर बघून लाज वाटली. मागची पानं चाळली तर ओळी कुठल्या कुठे गेल्यात, पेरणीत बैल बिथरल्यासारख्या.

घर दिसलं. भिंतीला हिरवा आहे असं समजत होतो तो निळा निघाला. पार्वतीच्या केसांत एवढा पांढरा कधी आला कळलंच नाही. तिला म्हटलं तू म्हातारी झालीस. ती म्हणाली, तुम्हाला कुणी सांगितलं डोळा करा म्हणून.

दुकानात अजून गेलो नाही, थिनरचा वास नको म्हणालेत. लोह्याची गाडी राजेश्री एकटी करतेय. संध्याकाळी येऊन सांगते किती झालं.

२३ जानेवारी

आज दुकानात गेलो. रिकामी गाडी घेऊन बिरदेव बाजाराला आला होता, मी आहे कळल्यावर मुद्दाम दारात आणून उन्हात लावली. म्हणाला, काका, नव्या डोळ्यानं बघा.

बघितली.

काय लिहू. काळ्या रंगाच्या आतून निळसर उजेड वर येतो, दुधावरच्या सायीला ऊन लागावं तसा. एक पाऊल सरकलो की विझतात, पुन्हा सरकलो की पेटतात. बॉनेटवरून सुरू होतात, मागे लोळतात, दारावर येऊन तुटतात आणि पिंजऱ्यापाशी पुन्हा धरतात. जशी कुणी हातात दिवटी घेऊन पळत सुटलंय आणि ज्योत त्याच्या मागे येतेय.

मी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. आपला हात माणूस ओळखतो. चाळीस वर्षं मी ज्वाळा काढतो ती खाली रुंद, वर टोक, एकीसारखी दुसरी. यातली एकही तशी नव्हती. बॉनेटवर सात काढल्या होत्या, या नऊ आहेत. मग अर्धा झालेला काळा डबा आठवला, संपलेला टेप आठवला, तिची लाल बोटं आठवली. मी बारशाला जेवत होतो आणि ही पोर इथे माझं सगळं घासून काढून पहिल्यापासून करत होती. पार्वतीला ठाऊक, भागुबाईला ठाऊक. बिरदेव समोर उभा होता, त्याच्याही तोंडावरून कळलं की त्याला ठाऊक.

शेडच्या दारात राजेश्री उभी होती, एका हातात गन, तोंडावर फडका बांधलेला. पुढे येत नव्हती. लांबूनच विचारलं, "दिसल्या का मामा?"

मनात पुष्कळ आलं. पण ती सून म्हणून विचारत नव्हती, ते मला कळलं. एका रंगाऱ्याने दुसऱ्या रंगाऱ्याला विचारलं होतं. तेव्हा उत्तरही तसंच द्यायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "दिसल्या. लय चांगल्या हायत. डाव्या दाराची खालची तेवढी जाड झाली, पर्ल जास्त पडलाय तिथं."

तिने तोंडावरचा फडका खाली ओढला.

"ती तुमची हाय," ती म्हणाली. "बाकीच्या घासल्या. ती ठिवली."

बिरदेव गाडीचं काहीतरी बघायला पलीकडे गेला. मी वाकून ती ज्वाळा बघितली, आता वाकायला परवानगी आहे. जाड आहे, ओबडधोबड आहे, सावलीतसुद्धा दिसते. तिच्या ज्वाळांनी तिला मध्ये घेतलंय, त्यामुळे लांबून कळत नाही.

लोह्याची गाडी आत उभी होती, अर्धी घासलेली. मी बादली भरून आणली आणि तिच्या शेजारी बसलो. तिने आठशेचा पेपर मागितला. तो भिजवून तिच्या हातात दिला.